असईचं रण टेबलावर

टेबलावरचा युद्धखेळ मांडायला निघालेला माणूस बहुधा आधी सैनिक जमवतो. त्यांना रंगवतो, रांगेत उभं करतो आणि जमिनीचं काम एखादी हिरवी चादर अंथरून उरकून टाकतो. माझं सांगणं उलट आहे. आधी जमीन करा. सैनिक नसले तर चिंचोके चालतात, पण नदी, गढी आणि टेकाड नसेल तर दोन रांगांनी समोरासमोर येऊन फासे टाकण्यापलीकडे खेळात काही उरत नाही. जमीन करायला लागणारं जवळजवळ सगळं सामान घरातल्या अडगळीत, किराणा दुकानाच्या मागच्या ढिगात आणि शेताच्या बांधावर पडलेलं असतं.

या खेळाची सुरुवातही जमिनीपासूनच झाली. प्रशियात थोरल्या रायस्विट्झने १८१२ मध्ये राजासाठी जे खेळाचं टेबल बनवलं, त्यात नद्या, रस्ते आणि गावं कोरलेले प्लास्टरचे चौकोनी तुकडे होते. ते हवे तसे जुळवून नवा मुलूख तयार करता येई. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तोच खेळ नकाशावर आणला आणि प्रशियाच्या लष्कराने तो उचलला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, तेव्हा त्याच्या घरात पहिल्या टेकड्या झाल्या त्या ज्ञानकोशाच्या खंडांच्या. म्हणजे घरात जे आहे त्यातून भूगोल उभा करणं हा या छंदाचा मूळ रिवाजच आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला विषयही दूर शोधावा लागत नाही. घाटावर आणि घाटाखाली अशी जिल्ह्याची जी वाटणी आपण रोजच्या बोलण्यात करतो, तिच्यावरच जुन्या सैन्यांच्या वाटा ठरत. घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेडला १४३७ मध्ये बहमनी सेनापती खलफ हसन बसरीने खानदेशच्या नासीरखान फारुकीला हरवलं. सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची गाठ पडली. मुबारिजखान मारला गेला, दख्खनमध्ये निजामाची सत्ता पक्की झाली आणि गावाचं नाव फत्तेखेर्डा पडलं. आपल्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात असई आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेची ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्याशी लढाई झाली. पहिल्या टेबलासाठी मी असई निवडतो, कारण तिथे जमिनीने काय केलं हे अगदी स्पष्ट दिसतं.

ते आधी समजून घ्या, मगच कात्रीला हात लावा. केळणा आणि जुई या दोन नद्या पश्चिमेकडून येऊन पूर्वेला एकमेकींना मिळतात. त्यांच्या बेचक्यात शिंद्यांची फौज होती. कवायती पायदळ सुमारे १०,८०० होतं, त्यांचा सेनापती हॅनोव्हरचा पोलमन, सोबत शंभरावर तोफा आणि हजारोंचं घोडदळ. वेलस्लीकडे कंपनीची कवायती फौज सुमारे ४,५०० आणि जोडीला म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार. नदीच्या दरडी उंच, समोरून चढाई करणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वाटाड्यांनी सांगितलं की नदी ओलांडायला पुढे उतार नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, इंग्रजी नोंदींत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. एवढ्या जवळच्या दोन गावांत येण्याजाण्याची वाट असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो खरा निघाला. फौज उतारातून पलीकडे गेली आणि बेचक्यात पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. पोलमननेही आपली ओळ चपळाईने वळवली. तिचं उजवं टोक केळणेला आणि डावं टोक असई गावाला टेकलेलं होतं, लांबी सुमारे दीड किलोमीटर. असईच्या मातीच्या भिंतींआड पायदळ आणि तोफा होत्या. वेलस्लीची उजवी बाजू हुकमाबाहेर गावाच्या फार जवळ गेली आणि तिथे ७४व्या हायलँडर पलटणीची वाताहत झाली. संध्याकाळपर्यंत शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या, पण वेलस्लीचीही दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली.

यातून टेबलाला लागणाऱ्या गोष्टी आपोआप निघतात. उंच दरडीच्या दोन नद्या, एक लपलेला उतार, काठावरची दोन लहान गावं, एक भक्कम गाव आणि मधला मोकळा माळ. बाकी सगळी सजावट. प्रत्येक तुकडा करताना एकच प्रश्न विचारा, हा फौजेला काय करतो? अडवतो, लपवतो की वाट देतो? तिन्हींपैकी काहीच करत नसेल तर त्यावर दुपार घालवू नका. दिवाळीतला मातीचा किल्ला बघण्यासाठी असतो, ही जमीन मात्र हाताळण्यासाठी असते. तिच्यावर कोपरं टेकणार, सैनिक सरकणार, मोजपट्टी पडणार.

प्रमाण असं धरा. एक सेंटिमीटर म्हणजे २५ मीटर. पोलमनची दीड किलोमीटरची ओळ मग ६० सेंटिमीटरला बसते. दोन नद्या आणि बाहेरचे काठ धरले की तीन फूट रुंद आणि पाच फूट लांब जागा पुरते. घरात काढून ठेवलेला दाराचा जुना पल्ला या कामाला उत्तम, जेवणाच्या टेबलावर आडवा टाकता येतो. सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळाला तर त्यावरचा एक सेंटिमीटर आपल्या पल्ल्यावर २० सेंटिमीटर होतो. पेन्सिलीने नदीची वळणं आधी पल्ल्यावरच काढून घ्या. आजचा नकाशा आणि १८०३ची नदी यांत थोडा फरक असणारच, त्याची फार चिंता नको.

सैनिक आणि घरं मात्र या प्रमाणात बसत नाहीत. २५ मीटरला एक सेंटिमीटर धरला तर माणूस एक मिलिमीटरचाही होत नाही. म्हणून या खेळात दोन प्रमाणं एकत्र नांदतात. जमीन लांबीरुंदीला लहान, आणि माणसं व घरं १:७२ प्रमाणात, म्हणजे माणूस साधारण २४ मिलिमीटर. चार घरं मिळून एक गाव समजायचं. हे पहिल्यांदा खटकतं, खेळायला लागल्यावर खटकत नाही.

आता नदी. नदी खणायची नसते, दोन्ही बाजूंची जमीन उचलायची असते. पल्ल्याचा पृष्ठभाग हाच नदीचा तळ. त्यावर खोक्यांच्या पुठ्ठ्याचे थर चढवून काठ आणि मधला माळ तयार करा, मधे चार सेंटिमीटरची फट राहते ती नदी. जाड, पाच पदरी खोकं साधारण अर्ध्या सेंटिमीटरचं असतं. तीन थर दिले की दरड दीड सेंटिमीटरची होते, आपल्या सैनिकाच्या छातीपर्यंत. खऱ्या प्रमाणात ती इतकी उंच येत नाही, पण दरड डोळ्यांना दिसली पाहिजे, तरच खेळणारा तिला मानतो. थर चिकटवताना पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एकदा उभ्या आणि एकदा आडव्या येऊ द्या, नाहीतर पावसाळ्यात तुकडा वाकतो. त्याच कारणासाठी खालची बाजूही रंगवायची. एकाच बाजूला ओला रंग लागला की पुठ्ठा त्या बाजूला ओढला जातो. मधला माळ एकसंध करू नका, तीन-चार तुकडे करा. सांधा दिसतो म्हणून मन खट्टू होईल, पण पाच फुटांचा तुकडा घरात ठेवायला जागा नसते.

दरडीची कड कटरने सरळ कापू नका. हाताने थोडी फाडा, पाणी लावून बोटाने दाबा, वर पुट्टी फिरवा. घर रंगवताना उरलेली भिंतीची पुट्टी हे या छंदातलं सोनं आहे. पुट्टी, थोडं फेविकॉल आणि पाणी घट्ट कालवून पातळ थर द्या, एकदम जाड दिला तर तडे जातात. रंगासाठी उरलेला डिस्टेंपर आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्टेनरच्या लहान बाटल्या पुरेत. काळा, पिवळसर मातीचा, तांबडा आणि हिरवा असे चारच घ्या. विकत घ्यायच्या गोष्टी जवळपास एवढ्याच, त्यात फेविकॉल आणि कटरची पाती धरा.

पाणी निळं रंगवायचा मोह आवरा. सप्टेंबरच्या अखेरीची आपली नदी गढूळ असते. तांबूस करडा रंग द्या, काठाशी फिकट, मधे गडद, आणि सुकल्यावर फेविकॉलचे दोन-तीन पातळ हात द्या. ते सुकून पारदर्शक आणि चकचकीत होतं. उताराच्या जागी दोन्ही बाजूंची दरड उतरती असते, पण टेबलावर ती जागा दिसता कामा नये. त्याबद्दल शेवटी सांगतो.

माळाच्या मातीत आपल्या भागातल्या लोकांची हमखास फसगत होते. बाहेर काळी माती हवी तेवढी आहे, मग तीच कालवून लिंपावी असं वाटतं. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. पुठ्ठ्यावर लिंपली तर दोन दिवसांत तिचे पोपडे निघतात. तिला कोरडीच वापरा. तव्यावर चांगली भाजा, बारीक चाळणीने चाळा आणि फेविकॉल-पाण्याचा हात मारलेल्या पृष्ठभागावर भुरभुरवा. सुकल्यावर झटकून टाका, उरलेली परत वापरता येते. रंग द्यायचीही गरज नाही, आपल्या मातीला आपल्याच मातीचा रंग येतो.

गवतासाठी चहाचा चोथा. मात्र आपला चहा दूध-साखरेचा, तेव्हा चोथा दोन-तीन पाण्यांनी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. साखर राहिली तर मुंग्या येतात, ओल राहिली तर बुरशी. आरागिरणीतला लाकडाचा भुसा हिरव्या स्टेनरच्या पाण्यात भिजवून वाळवला की पावसाळ्यानंतरचा माळ तयार होतो. सगळीकडे एकसारखा हिरवा पसरू नका. पाऊलवाटेला काळी माती उघडी ठेवा, काठाशी गवत दाट करा.

पिकांचाही विचार काळाप्रमाणे करा. आज सप्टेंबरात घाटावर नजर जाईल तिथे सोयाबीन दिसतं, ते १८०३ मध्ये नव्हतं. त्या हंगामात शेतात उभी राहणारी खरी पिकं म्हणजे ज्वारी, कपाशी, तूर. उभी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, म्हणून खेळात ती पायदळ लपवते आणि घोडदळाचा वेग कमी करते. काथ्याचं झिजलेलं पायपुसणं कापून ज्वारीची शेतं करा, वरच्या टोकांना मातकट रंगाचा हलका हात द्या. हे तुकडे चिकटवू नका, सुटेच ठेवा. फौज आत शिरली की तुकडा उचलून तिथे सैनिक ठेवता येतात.

झाडं करायला कपाशीच्या पऱ्हाटीच्या शेंड्याकडच्या काड्या घ्या, त्यांना फांद्या फुटलेल्याच असतात. बाभळीची सुकी डहाळी घेतलीत तर काटे आधी मोडा. पानांसाठी जुन्या गादीचा फोम बारीक कुस्करून रंगवा. घासणीची हिरवी चकतीही फाडून चालते. बाभळीचा माथा पसरट, कडुनिंबाचा भरगच्च, गावाच्या वेशीवरच्या पिंपळाचा रुंद. गाजरगवताच्या सुक्या काड्या हुबेहूब झाडांसारख्या दिसतात, पण त्यांना हात लावू नका. अंगाला खाज आणि दम्याचा त्रास त्यातून होतो.

गावाचं काम मला सर्वांत आवडतं. परदेशी पुस्तकांतली उतरत्या छपरांची घरं इथे शोभत नाहीत. आपल्या भागात जुनी घरं धाब्याची, सपाट मातीच्या छताची. ती करायला सोपीही आहेत. १:७२ प्रमाणात तीन मीटर उंचीचं घर सव्वाचार सेंटिमीटरचं होतं, आणि टूथपेस्टच्या खोक्याची एक बाजू साधारण तेवढीच भरते. खोक्याचे सहा ते आठ सेंटिमीटरचे तुकडे कापा, उघडी तोंडं बंद करा, छताची कडा लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने थोडी उचला. लग्नपत्रिकेतूनच दोन सेंटिमीटर उंचीचं बुटकं दार कापा. भिंतीत छताच्या खाली छिद्रं पाडून उदबत्तीच्या काड्यांचे तुकडे बाहेर डोकावू द्या, ते लाकडी सर झाले. लिंपणासाठी पुट्टीत चाळलेली पांढरी माती मिसळा. गावठाणची पांढरी आणि शेताची काळी हा फरक टेबलावरही दिसला की तो आपला मुलूख वाटतो.

असईची भिंत जरा धीराने करा. गावाभोवतीची भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती असते. खोक्याच्या दोन पट्ट्या तळाशी लांब, माथ्याशी जवळ अशा तिरप्या उभ्या करून मधे वर्तमानपत्राचा लगदा भरला की तो उतार येतो. माथा किमान अडीच सेंटिमीटर रुंद हवा, म्हणजे त्यावर सैनिक उभा राहील. ही चूक सर्रास होते. भिंत दिसायला देखणी आणि वर माणूस ठेवायला जागाच नाही. बुरुजांसाठी कापड दुकानातल्या ताग्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागून आणा, दुकानदार आनंदाने देतात. तळाच्या दगडकामासाठी अंड्यांचा करडा ट्रे फाडून, भिजवून, लहान लहान तुकडे चिकटवा. त्याचा खडबडीतपणा दगडासारखा दिसतो. दगडी कोटाचा अंदाज घ्यायचा असेल तर सिंदखेडराजाला जाऊन काळाकोट बघा. त्याच्या भिंती सुमारे वीस फूट उंच आहेत, आपल्या प्रमाणात साडेआठ सेंटिमीटर. तेवढी भिंत सैनिकाशेजारी ठेवून पाहिली की कोट म्हणजे काय ते चटकन कळतं. असईची भिंत मातीची, तिला चार-पाच सेंटिमीटर पुरे.

थर्मोकोलबद्दल वेगळं सांगतो. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, तेव्हा विकत आणायचा प्रश्नच नाही. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून आलेला तुकडा घरात असेल तर त्याची घाटाची कडा करता येते. पेट्रोल, थिनर, स्प्रे रंग, चपलांना लावायचा डिंक यांतलं काहीही त्याला लागलं तर तो वितळतो. पाण्यात मिसळणारेच रंग वापरा. तापलेल्या तारेने कापायचं असेल तर अंगणात, मोठ्या माणसाने. उरलेले तुकडे शेकोटीत टाकू नका, तो धूर विषारी असतो. आणि शेतकऱ्याच्या घरात हे सर्वांत महत्त्वाचं: फवारणीच्या औषधाची खोकी, बाटल्या आणि झाकणं कितीही योग्य आकाराची वाटली तरी मुलांच्या हाती देऊ नका. धुतल्यानेही ती सुरक्षित होत नाहीत.

कणकेची खळ स्वस्त पडते, पण उंदीर आणि झुरळं तिच्यावर येतात. पूर्वी खळीत मोरचूद घालत, ते विष आहे, मुलांच्या कामात नको. खळ वापरलीच तर तुकडे पत्र्याच्या पेटीत ठेवा.

सैनिक विकत मिळाले नाहीत तर अडू नका. एक चिंचोका म्हणजे शंभर माणसं. वेलस्लीचं कवायती पायदळ-घोडदळ ४५ चिंचोक्यांत येतं, पोलमनच्या पलटणींना १०८ लागतात. चार-चार चिंचोके पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवले की पलटण एका हाताने सरकते. तोफेची नळी पेनच्या रिकाम्या रिफिलच्या तुकड्याची. तोफ डागली की तिच्यापुढे कापसाचा एक पुंजका ठेवा. त्या डावात त्या रेषेतून कोणाला काही दिसणार नाही, असा नियम केला की धूरही खेळात येतो.

आता उतार. केळणेच्या काठावर दरडीचे चार तुकडे सुटे करा, वरून अगदी सारखे. त्यांतल्या एकाच्या खाली पंचाने खूण करायची आणि टेबल मांडताना कोणता तुकडा कुठे ठेवला ते फक्त त्यालाच माहीत असावं. वेलस्लीच्या बाजूने खेळणाऱ्याला एक डाव खर्चून एका ठिकाणी घोडेस्वार पाठवता येतो, मगच पंच तो तुकडा उलटून दाखवतो. काठावरची दोन गावं रोज वेगळ्या जागी मांडा, आणि खूण केलेला तुकडा नेहमी त्यांच्या मधोमध ठेवा. हा नियम खेळणाऱ्यांना आधी सांगू नका. टेबलाकडे नीट बघणाऱ्याला तो आपला आपण सापडेल.